घर नसलेली मंडळी, मंडळी नसलेले घर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. छताचे जुने लाकूड, रंगमंच, खुर्च्या, पडदे, दिवे हे सगळे त्या एका रात्रीत गेले आणि दगडी भिंती काळवंडून उभ्या राहिल्या. दुसरा दिवस, ९ ऑगस्ट, केशवरावांच्या जयंतीचा. त्या दिवशी गावातले कलावंत जमले ते जळक्या लाकडाच्या वासात. तेव्हापासून कोल्हापूरने एकच मागणी लावून धरली: जसे होते तसेच उभारा. शासन, महापालिका, वास्तुरचनाकार सगळ्यांनी ती मान्य केली आणि पुनर्बांधणीचे काम टप्प्याटप्प्याने सुरू झाले.

मागणी रास्त आहे. ज्या गावाने शंभर वर्षे एका छताखाली नाटके पाहिली, त्या गावाला तेच छत परत हवे असणे स्वाभाविकच. पण 'जसे होते' म्हणजे नेमके कधी जसे होते, हे कुणीतरी विचारायला हवे. आगीच्या आदल्या दिवशी होते तसे? १९५७ मध्ये केशवरावांचे नाव दिले तेव्हा होते तसे? की १९१५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी 'पॅलेस थिएटर' म्हणून उभे केले तेव्हा होते तसे? ही तीन उत्तरे म्हणजे तीन वेगळी नाट्यगृहे आहेत. भिंती त्याच असतील, पण आत चालणारे काम वेगळे होते. ज्या नटाचे नाव या इमारतीवर आहे, त्याचे आयुष्य पाहिले तर यातले कोणते उत्तर धरावे ते कळते. केशवरावांमागे दोन गोष्टी उरल्या. एक त्यांची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी, जी कायम फिरतीवर राहिली. दुसरे त्यांच्या नावाचे हे नाट्यगृह, ज्याला स्वतःची मंडळी कधी नव्हती. या दोन वारशांची गाठ घालण्याची संधी आगीने, फार मोठी किंमत घेऊन, कोल्हापूरसमोर ठेवली आहे.

खासबागेच्या भिंतीला लागून

नाट्यगृहाच्या जागेवर गेले की पहिली लक्षात येते ती शेजारची जागा. नाट्यगृहाच्या पाठीला खासबाग कुस्ती मैदान आहे. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि परत आल्यावर खासबागेचे मैदान बांधायला घेतले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, म्हणजे मागच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून कुस्ती दिसावी. त्यालाच लागून १९१३ ते १९१५ या काळात थिएटर उभे राहिले. मल्लाला आणि नटाला एका आवारात जागा देण्यात एक विचार होता. कुस्ती पाहायला येणारा शेतकरी आणि नाटकाला येणारा शहरी माणूस यांच्या वाटा इथे एकत्र येत होत्या. आपल्या राज्यात पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा जाहीरनामा याच राजाने त्याच १९०२ साली काढला होता. हे थिएटरही त्याच राजाच्या मनातून आले आहे, हे विसरून त्याच्याकडे फक्त दगडी वारसा म्हणून पाहता येणार नाही.

ध्वनिवर्धक नव्हते तेव्हाचे हे थिएटर. त्या काळच्या इमारतीला आवाजाचे काम स्वतःच करावे लागे. लाकडी फळ्यांचा रंगमंच आणि त्याखालची पोकळी मिळून तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे काम करतात. उंच लाकडी छत सूर परत फेकते, पण सिमेंटच्या छतासारखा तो आदळून गोंधळ करत नाही. गायक नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तो त्याच्या छातीच्या बळावर आणि या लाकडाच्या मदतीने. म्हणून आगीत लाकूड गेले याचा अर्थ फर्निचर गेले असा होत नाही. तिथे जळाले ते एक वाद्य.

सतराव्या वर्षी मंडळीचा मालक

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घरची गरिबी, त्यामुळे अगदी कोवळ्या वयात ते 'स्वदेशहितचिंतक' नाटक मंडळीत गेले. त्या काळच्या नाटक मंडळ्या पोरसवदा मुलांना जेवण, कपडे, गाण्याची तालीम आणि शिस्त देत. बदल्यात त्यांचे बालपण घेत. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट. शारदेच्या भूमिकेत छोट्या केशवने असे गायले की नाटकाचे नाव आणि त्याचे नाव लोक एका दमात घेऊ लागले. शारदेची भीती खरी वाटायची, कारण ती दाखवणारा स्वतःही लहान होता आणि स्वतःच्या घरापासून दूर होता.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा. १ जानेवारी १९०८ रोजी केशवरावांनी 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली, तीही हुबळीला. वय पुरते अठरा वर्षांचेही नव्हते. मराठी नाटक मंडळीचा जन्म कन्नड मुलुखात झाला याचे त्या काळी कुणाला नवल वाटले नाही. हुबळी, धारवाड, बेळगाव हे सगळे मराठी नाटकाचे मुक्कामच होते. ज्या व्यवसायात मालकी बहुतांश वरच्या जातींच्या हाती होती, तिथे गरीब मराठा घरातला मुलगा नट, गायक आणि मालक असा तिन्ही अंगांनी उभा राहिला, ही गोष्ट त्यांच्या गाण्याइतकीच मोठी आहे. गाण्यासाठी त्यांना रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम मिळाली. त्यांची गायकी वेगवान आणि जोरकस, समोरच्याला उभे करणारी. मामा वरेरकरांची 'हाच मुलाचा बाप' आणि 'संन्याशाचा संसार' ही नाटके 'ललितकलादर्श'ने केली. पहिले हुंड्यावर, दुसरे धर्मांतराच्या प्रश्नावर. पौराणिक कथांवर सहज पोट भरले असते, तरी मंडळीने समकालीन प्रश्नांना हात घातला.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. एकमेकांशी स्पर्धा असलेल्या दोन मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर आले आणि वरच्या तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला. या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे तेही कोल्हापूरचेच. तीन महिनेही उलटले नाहीत तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवराव गेले. वय एकतीस. पुढच्या मे महिन्यात शाहू महाराजही गेले.

केशवरावांनंतर 'ललितकलादर्श' बापूराव पेंढारकरांनी चालवली आणि पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकरांनी ती वाढवली. संस्थापक तेराच वर्षे मालक होता, तरी त्याची मंडळी पुढच्या पिढ्यांनी चालवली, हे मराठी नाटकात फार थोड्या ठिकाणी घडले. मंडळी टिकली, कारण तिच्यात माणसे घडवण्याची रीत होती. कुणी गेले तर मागचा पुढे येईल अशी तयारी आतच सुरू असायची.

पडदा रंगवणारे हात

माणसे घडवण्याच्या या रीतीचा सगळ्यात ठसठशीत पुरावा पडद्यावर आहे. केशवरावांच्या काळचा रंगवलेला पडदा म्हणजे मोठी मेहनत. जाड मांजरपाट चौकटीवर ताणायचा, सरस आणि खडूच्या पुडीचा हात द्यायचा, तो वाळला की कोरडे रंग सरसात कालवून राजवाडा, रस्ता, अरण्य रंगवायचे. हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिकट होतो, त्यामुळे उद्या काय दिसेल हे आज ओळखून कुंचला चालवावा लागतो. शिवाय पडदा रंगवायचा दिवसाच्या उजेडात आणि पाहिला जायचा दिव्यांच्या पिवळ्या प्रकाशात. दूरच्या खांबाची सावली किती काळी ठेवली म्हणजे दिव्यात ती खोल वाटेल, याचा अंदाज हाताला असावा लागे. रंगवून झाला की खालच्या दांडीवर गुंडाळायचा, दोर लावायचे आणि पुढच्या मुक्कामाला न्यायचा. गुंडाळताना रंगाचे पापुद्रे निघू नयेत ही काळजी वेगळीच.

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे असे पडदे रंगवणारे चित्रकार. केशवरावांच्या मंडळीसाठीही त्यांनी काम केले. बाबूरावांचा जन्मही १८९० चाच, त्याच गावातला. पडद्यावर खोली कशी आणायची या ध्यासातूनच हे दोघे हलत्या चित्राकडे वळले आणि स्वतःचा कॅमेरा बनवायच्या मागे लागले. आनंदराव मध्येच गेले, बाबूरावांनी तो पुरा केला. मग महाराष्ट्र फिल्म कंपनी आली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. त्या कंपनीत गंधर्व नाटक मंडळीतून आलेला एक मुलगा होता, व्ही. शांताराम. १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. मराठी सिनेमाची ही सगळी शाखा नाटकाच्या पडद्यामागून फुटलेली आहे. थिएटरला खर्चाची बाब म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. पडदा रंगवणाऱ्याला जागा, पैसा आणि चूक करायची मोकळीक देणारी व्यवस्था गावात होती, म्हणून पुढचा उद्योग तिथे उभा राहिला.

एका तारखेचा हिशेब

आगीपूर्वी नाट्यगृह कसे चालत होते ते पाहू. नाट्यगृह महापालिकेचे. नाट्यसंस्था तारीख मागायची, भाडे आणि अनामत भरायची, सकाळ, दुपार किंवा रात्रीचे सत्र मिळवायची. तारखांसाठी नाटकाबरोबर वाद्यवृंद, शाळांची स्नेहसंमेलने, राजकीय मेळावे, बक्षीस समारंभ असे सगळेच रांगेत असायचे. प्रयोगाच्या दिवशी टेम्पोतून नेपथ्य यायचे, फ्लॅट आणि लेव्हल चढवायचे, विंगा आणि झालरी लावायच्या, दिवे बांधायचे, प्रयोग व्हायचा, आणि तासाभरात सगळे उतरवून टेम्पो पुढे निघायचा. नाट्यगृहात रात्र काढायचे ते फक्त कुलूप.

मुंबईहून निघालेल्या संस्थेला कोल्हापूर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडते. एका प्रयोगासाठी बस, टेम्पो, माणसांचे भत्ते आणि मुक्काम यांचा खर्च निघत नाही. म्हणून दौरा बांधतात. कोल्हापूरला जोडून सांगली, इचलकरंजी, जमले तर बेळगाव. यातली मोठी तारीख गळली की बाकीच्या तारखाही डळमळतात. कोल्हापूरचे नाट्यगृह बंद पडले त्याचा फटका असा शेजारच्या गावांच्या प्रेक्षकालाही बसतो, कारण दौराच निघत नाही. आणि प्रेक्षकांत फक्त शहराचे लोक नसतात. कागल, गडहिंग्लज, पन्हाळ्याकडून येणाऱ्याला प्रयोग किती वाजता सुटतो आणि शेवटची एसटी कितीला आहे, हे दोन्ही जुळवावे लागते. वेळापत्रक आखणाऱ्याने मनावर घेतले तर पंधरा मिनिटांच्या फरकाने शंभर खुर्च्या भरतात.

हौशी रंगभूमीची गरज आणखी वेगळी. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि कोल्हापूर तिच्या जिवंत केंद्रांपैकी एक. बँकेत, शाळेत, गिरणीत काम करणारी माणसे संध्याकाळी तालमी करतात. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या वर्गात, समाजमंदिराच्या ओट्यावर. खऱ्या रंगमंचावर त्यांचे पाऊल पडते ते बहुधा प्रयोगाच्याच दिवशी. मग नटाला अंतराचा अंदाज नसतो, आवाज एकतर ओरडा होतो किंवा गिळला जातो. केशवरावांच्या वेळच्या मुलाला रोज रंगमंच मिळत होता. आजच्या मुलाला त्यावर उभे राहायला वर्षातून एक-दोन रात्री मिळतात. त्या मुलाच्या गुणात काही उणे नाही, त्याला मिळणारी जागा उणी आहे.

न्यूनेनच्या गिरण्या

वास्तू जपायची तर ती रोज चालती ठेवावी लागते, हे दूरच्या एका गावात दिसते. नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनजवळ न्यूनेन नावाचे छोटे गाव आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग डिसेंबर १८८३ ते नोव्हेंबर १८८५ तिथे राहिला. वडील तिथल्या चर्चचे धर्मोपदेशक होते. बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचे त्याचे प्रसिद्ध चित्र याच गावातले, १८८५ चे. त्यानंतर तो गेला तो पुन्हा त्या गावात राहायला आला नाही. गावाने मात्र त्याने रंगवलेल्या जागा जपल्या: वडिलांचे घर, ते छोटे चर्च, ओपवेटनची पाणचक्की, रोसडोंकची पवनचक्की. केशवरावांसारखीच गोष्ट. बाहेर जाऊन मोठा झालेला माणूस आणि त्याच्या नावावर उभे राहिलेले गाव.

यात चक्क्यांकडे नीट पाहायला हवे, कारण डच लोकांनी त्यांच्या बाबतीत एक साधी गोष्ट ओळखली. फिरवली नाही तर पवनचक्की टिकत नाही. पाती एकाच जागी उभी राहिली की पाऊस एकाच बाजूने मुरतो, लाकूड वाकते, दाते अडकतात. रंग देऊन, कुंपण घालून चक्की वाचत नाही, तिला चालवणारा माणूस लागतो. म्हणून १९७२ मध्ये तिथे हौशी चक्कीवाल्यांची संघटना निघाली. शिक्षक, कारकून, निवृत्त माणसे रीतसर शिकतात, परीक्षा देतात आणि सुट्टीच्या दिवशी वाऱ्याची दिशा पाहून चक्की चालवतात. २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतला तो चक्की चालवण्याचा हुन्नर.

नाट्यगृहाचेही असेच आहे. कोल्हापूरच्या इमारतीला स्वतःची मंडळी हवी म्हणताना महापालिकेने पगारी नाटक कंपनी काढावी असे म्हणायचे नाही. पण तारखांच्या तक्त्यात आठवड्याचे काही दिवस तालमींसाठी राखून ठेवता येतील. गावातल्या संस्थांना पाळीने रंगमंच मिळेल, दिवे लावायला आणि पडदे ओढायला शिकणारी पोरे तिथल्या तंत्रज्ञांच्या हाताखाली राहतील, नेपथ्य बांधायला आणि रंगवायला एक खोली मिळेल. कोल्हापूर परिसरात दूरचित्रवाणी मालिकांची चित्रीकरणे होतात. तिथे लागणारा सुतार, रंगारी, प्रकाशयोजनेचा मदतनीस कुठे शिकणार?

हुबेहूब म्हणजे किती

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की पंचगंगेचा पूर, रस्ते, पाणी, कचरा हे सगळे समोर असताना नाटकावर कोट्यवधी का घालायचे? २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावाने हा प्रश्न विचारणे चुकीचे नाही. पण बांधकामाचा पैसा आता ठरलेला आहे. वाद करायचाच तर चालवण्याच्या पैशाबद्दल करायला हवा, कारण तो कुणी मागतही नाही. भिंतींवर खूप खर्च करून आतल्या कामाला काहीच ठेवले नाही, तर तीच खरी उधळपट्टी होईल.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. जुन्याची नक्कल कशाला, नवे सुसज्ज सभागृह बांधा. याचे उत्तर जगाने दोनदा दिले आहे. बार्सिलोनाचे लिसेऊ ऑपेरागृह ३१ जानेवारी १९९४ रोजी जळाले आणि १९९९ मध्ये उघडले. प्रेक्षागृह जुन्यासारखेच, पण रंगमंचाचे यंत्र पूर्ण नवे. व्हेनिसचे ला फेनिचे २९ जानेवारी १९९६ रोजी जळाले. तेही जुन्याच रूपात बांधून डिसेंबर २००३ मध्ये उघडले, आणि जुने नक्षीकाम हुडकताना दिग्दर्शक विस्कोंतीच्या १९५४ च्या 'सेन्सो' या चित्रपटातल्या, त्याच थिएटरमध्ये चित्रित झालेल्या दृश्यांचा आधार घेतला गेला. कोल्हापुरातही घराघरांतल्या अल्बममध्ये, जुन्या प्रयोगांच्या छायाचित्रांत, नाटकाच्या चित्रफितींत छताच्या आणि कमानीच्या खुणा सापडतील. त्या गोळा करायला हव्यात. आणि जिथे जुने धोक्याचे होते तिथे नवे घेतलेच पाहिजे. व्हिएन्नाचे रिंग थिएटर १८८१ मध्ये शेकडो माणसांसह जळाल्यावर युरोपात रंगमंच आणि प्रेक्षागृहाच्या मध्ये लोखंडी पडद्याची सक्ती झाली. आगरोधक लाकूड, फवारे, आतून ढकलताच उघडणारी दारे यांनी केशवरावांचा अपमान होत नाही. आवाज बिघडवणारे छत आणि पोकळी नसलेला सिमेंटचा रंगमंच यांनी मात्र होईल.

तिसरा आक्षेप असा की केशवरावांच्या मागे राजा होता, आज कोण आहे? राजाने थिएटर बांधले, कलावंतांना आधार दिला, हे खरे. पण 'ललितकलादर्श' जगली ती तिकिटावर. हुबळी, मुंबई, पुणे, बेळगाव इथल्या साध्या माणसाने पैसे मोजले म्हणून. राजाने जे दिले ते म्हणजे छप्पर आणि प्रतिष्ठा. आज ते छप्पर महापालिकेच्या मालकीचे आहे, आणि तिला राजापेक्षा एक सोय जास्त आहे: तिचे नाट्यगृह कसे चालावे हे गावातले लोक मागून घेऊ शकतात. कोल्हापूरला मागता येते, हे आगीनंतर दिसलेच आहे. इमारत मागितली तशाच तालमीच्या तारखाही मागायला हव्यात.

बांधकामातला एक दिवस मात्र आत्तापासून राखून ठेवला पाहिजे. छत चढले, रंगमंचाच्या फळ्या ठोकल्या, पण खुर्च्या अजून बसवलेल्या नाहीत असा. त्या दिवशी गावातल्या एखाद्या गाणाऱ्या मुलीला रिकाम्या रंगमंचावर उभे करावे आणि माइक न लावता शारदेची पदे म्हणायला सांगावीत. अभियंता, कंत्राटदार आणि जुने गायक नट यांनी मोकळ्या जमिनीवर पसरून ऐकावे, आणि शब्द जिथे जिथे पुसट होईल तिथे खडूने खूण करून ठेवावी.